तीनदा ओढलेलं कुलूप

१४ सप्टेंबर

छोट्या,

हे दुकानाचं पान, मोठ्यानं वाच. घरचं पान वेगळ्या घडीत आहे, ते गिऱ्हाइकांसमोर उघडू नकोस. मागच्या वेळी माझ्या कंबरदुखीवर तुझ्या दुकानात दाढ्या थांबवून अर्धा तास चर्चा झाली म्हणे, आणि भूमितीच्या सरांनी मी कुठल्या कोनात वाकायचं ते सांगून पाठवलं. माझी कंबर आहे ती, कॉर्नर किक नाही.

तर मंडळी, जिंकलो. एक-शून्य. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. तुम्हाला माहीतच आहे, मी सामना बघते तो क्लबच्या लॉन्ड्रीतून. आमची खिडकी मैदानाच्या पातळीला, जेमतेम वीतभर उंच. बावीस वर्षं या संघाचे कपडे धुतेय, पण सामन्यात एकाही खेळाडूचं तोंड पाहिलेलं नाही. मला दिसतात ते गुडघ्याखालचे पाय.

विसाव्या मिनिटाला आपल्या विंचवाचा डावा पाय कुठून आला कळलंच नाही, आणि चेंडू जाळ्यात. त्याला विंचू हे नाव उगाच पडलेलं नाही. आणि मग? मग आपल्या मास्तरांनी दार लावून घेतलं! अकराच्या अकरा जोड बूट माझ्या खिडकीसमोर गोळा. कोणी पुढं जाईना. त्यात साठाव्या मिनिटाला विंचवालाच बाहेर बोलावलं. जो एकटा गोल करतो, त्यालाच. हे सलग चौथ्यांदा. कोच आहेत ते, त्यांना जास्त कळत असेल, पण मला धुण्यातलं कळतं आणि चांगला कपडा खुंटीवर टांगून फाटका घालू नये एवढं कळतं.

आता एक गंमत. सामन्यानंतर सगळे गेले की मास्तर स्वतः येऊन सामानाच्या खोलीला कुलूप लावतात. वॉचमन आहे, शिपाई आहे, पण नाही. किल्ली यांच्याच खिशात. कुलूप लावलं की ओढून बघतात. दोन पावलं जातात, परत येतात, पुन्हा ओढतात. जिन्यापर्यंत जातात, परत येतात, तिसऱ्यांदा ओढतात. त्या बोळात तेव्हा माझ्याशिवाय चिटपाखरू नसतं, म्हणून हे फक्त मला ठाऊक. एक गोल झाला की हा माणूस असा का वागतो, कळलं ना आता? कोच नाही तो, कुलूप आहे कुलूप!

दुकानाचं पान संपलं. ज्याची अर्धी दाढी राहिलीय त्याची पुरी कर.

तुझी ताई


२३ सप्टेंबर

ताई,

पाया पडतो, पण आधी हसू दे. तुझं पान वाचलं तेव्हा पोस्टमन खुर्चीत होता. तो असा काही हसला की त्याचा कान थोडक्यात वाचला. भूमितीचे सर कधी हसत नाहीत, त्यांनीही चष्मा काढून पुसला. आता दुकानात कोणी आला की नमस्कार नाही, हवेत तीनदा कुलूप ओढायचं. ओढ, ओढ, ओढ! औषधवाल्याचा भाचा दर सामन्याला गाडी भरून माणसं शहरात घेऊन येतो. तो म्हणाला, हे आता मैदानावर नेतो.

मग खरा वाद झाला. आरशाखालच्या फळीवर मी संघ मांडला. पावडरचा डबा गोलकीपर, कंगवे बचावाला, आणि दाढीचा ब्रश म्हणजे विंचू. सर म्हणाले, "पुढं एकच ठेवला तर त्रिकोण होत नाही, नुसती रेघ होते." पण सर मास्तरांच्या बाजूचे आहेत. म्हणाले, गुण मिळतायत ना? मी म्हटलं, गुण काय चाटायचेत? आम्ही खेळ बघायला जन्माला आलोय. साठाव्या मिनिटाला ब्रश उचलून खिशात घातला मी, आणि सरांना म्हटलं, आता करा दाढी! सगळे माझ्या बाजूनं झाले.

ताई, तू तिथं आत असतेस. विंचवाला का काढतात, एवढं एक शोधून काढ.

आता हे घरचं. चौकात नवीन दुकान झालंय, आरशाला चारी बाजूंनी दिवे. दोन महिने मी माशा मारत होतो. पण गुरुवारी तुझं पत्र येतं हे पंचक्रोशीत माहीत झालंय आणि गुरुवारी माझ्याकडं उभं राहायला जागा नसते. फोनवर निकाल कळतो, पण तुझं पान ऐकायला माझ्याकडंच यावं लागतं. पत्र हातात घेऊन उभा राहिलो की सगळे गप्प होतात. त्रेपन्न वर्षांत मला कोणी एवढं ऐकलेलं नाही. हे तुलाच सांगतोय.

तुझा छोट्या


३० ऑक्टोबर

छोट्या,

दुकानाच्या पानावर आज फक्त निकाल लिहिलाय. तीन सामने, दोन बरोबरीत, एक हरलो. बाकीचं इथं लिहिते.

शनिवारी विंचवाला बाहेर काढलं आणि अख्खं मैदान ओरडायला लागलं. "ओढ! ओढ! ओढ! कुलूप!" मला हात दिसत नाहीत, पण आवाज जमिनीतून येतो. बारा हजार माणसं. साबणाची बाटली फळीवर हलत होती. पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. माझा शब्द बारा हजार तोंडांत!

मग सामना संपला आणि मास्तर लॉन्ड्रीत आले. ते कधी येत नाहीत. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, हे तीनदा ओढायचं कुठून आलं असेल हो?"

मी टॉवेलची घडी घालत होते. घातलेली घडी मोडली आणि परत घातली. म्हटलं, "लोकांना काय, काहीही सुचतं."

"हं," म्हणाले.  मग एक कापडी पिशवी पुढं केली. "हे वेगळं धुवाल का? यादीत नका घालू." आत लांब सुती पट्ट्या होत्या. स्वतःच्याच पायाला बांधत असतील, वय झालंय. मी मान खाली घालूनच घेतली.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही बघ. दुकानात ते नाव बंद कर. माझी शपथ.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

शपथ घातलीस म्हणून सांगितलं लोकांना. ते म्हणाले, "ताईंचंच तर नाव आहे, आम्ही कोण बंद करणार?" नाव आता आपल्या हातात कुठं राहिलंय? आणि तुला मास्तरांचा एवढा पुळका कधीपासून? पिशवीभर पट्ट्या धुवायला दिल्या म्हणून? माणूस चांगला असेल, पण त्याला जावई करून घ्यायचा नाहीये, संघ चालवायचाय.

पाच सामन्यांत दोन गोल, ताई. माझ्या फळीवरचे कंगवेसुद्धा पुढं सरकतात. सर शेवटपर्यंत बाजू धरून होते, परवा त्यांनीही मान टाकली. म्हणाले, "सिद्धांत बरोबर असेल, पण उत्तर येत नाही."

इथं एक सह्यांची वही फिरतेय म्हणे. मास्तरांना काढा म्हणून क्लबला पाठवणार आहेत. माझा काही संबंध नाही. दुकानाच्या कोपऱ्यात पडलेली असते एवढंच. लोक केस कापायला येतात, सही करून जातात.

तुझ्या कंबरेचं काय?

छोट्या


३ डिसेंबर

छोट्या,

आज दुकानाचं पान नाही. ताईला ताप आला म्हणून सांग. हे आत जाऊन एकटा वाच, आणि वाचून फाडून टाक.

काल या आठवड्याच्या पट्ट्या वाळल्या, त्या द्यायला मी सामानाच्या खोलीकडं गेले. दार नेहमी आतून लावलेलं असतं, काल नुसतं लोटलेलं होतं. विंचू बाकावर बसला होता. डावा पाय बर्फाच्या बादलीतून नुकताच काढलेला. मास्तर खाली फरशीवर गुडघे टेकून त्याला पट्टी बांधत होते. बावीस वर्षं मी गुडघ्याखालचं बघत आले, गुडघा काल पाहिला. दुसऱ्याच्या दुप्पट होता.

मला बघून मास्तरांनी पट्टीची गाठ मारली. मग विंचू लंगडत गेला आणि मास्तरांनी सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी साठ मिनिटंच सांगितलीत. त्याच्या पुढं गुडघा कधीही कायमचा जाईल. विंचवाचा जुना करार संपतोय, नवा दोन वर्षांचा जानेवारीत होणार. त्याआधी ऑफिसला कळलं तर करार नाही आणि दुसरा क्लब तर दारात उभा करणार नाही. बत्तीस वर्षांचा आहे, दोन मुली आहेत, चेंडूशिवाय त्याला काही येत नाही. त्यानं हात जोडले आणि यांनी शब्द दिला. म्हणून आधी गोल करायचा, सगळ्यांनी त्याच्याभोवती राहायचं, त्याला पळायला लावायचं नाही, आणि साठाव्या मिनिटाला काढून घ्यायचं. मग पुढं जायला राहतंच कोण? दार लावायचं नाही तर काय करायचं?

मी म्हटलं, "आणि तुमचं काय, मास्तर?"

म्हणाले, "मला ओरडतात ना? ओरडू दे. ओरडण्यानं गुडघा सुजत नाही."

आणि ते कुलूप, छोट्या. त्या खोलीत बर्फाची पेटी आहे, पट्ट्या आहेत, डॉक्टरांचे कागद आहेत. कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून तो माणूस जिन्यावरून परत येऊन ओढून बघायचा. मी त्यालाच हसले. स्वतः हसले ते हसले, बारा हजारांना हसायला लावलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ज्या तोंडानं हे केलं ते तोंड आरशात बघवत नाही मला.

आता एक कर. कोणाला एक अक्षर न सांगता दुकान थंड कर. आणि ती वही जानेवारीपर्यंत कशीही अडव. हरवली म्हण, पाणी सांडलं म्हण. तुझं दुकान तुझं ऐकतं.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

पान फाडलं. तुझ्या भावजयीलाही सांगितलं नाही.

वही गेली. तुझं पत्र यायच्या आधीच गेली. एक दिवस लवकर आलं असतं तर काहीतरी केलं असतं. मला फार वाईट वाटतंय.

दुकानात मी म्हणून पाहिलं, की मास्तरांचं काही कारण असेल. सर माझ्याकडं बघत राहिले. पोस्टमन म्हणाला, "काय रे, कुलपाची किल्ली तुला मिळाली की काय?" सगळे हसले. मीही हसलो.

छोट्या


१९ जानेवारी

छोट्या,

आठ तारखेला विंचवाच्या करारावर सही झाली. पंधरा तारखेला मास्तरांना काढलं.

ऑफिसवाले म्हणाले, समर्थकांच्या भावनांचा मान ठेवला. साडेचौदाशे सह्या. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी खाली आले, सामानाच्या खोलीतून एक खोकं काढलं, आणि सवयीनं कुलूप हातात घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. कुलूप तसंच कडीला अडकवून ठेवलं, उघडंच, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, नव्या माणसाला द्या."

मी विचारलं, नव्यांना गुडघ्याचं सांगितलंत का? म्हणाले, "ते ज्याचं त्यानं सांगायचं. सही झालीय, आता मीच सांगेन, असा विंचवानं मला शब्द दिलाय." आणि जिना चढून गेले. मी त्यांना म्हणणार होते, मास्तर, ते नाव माझं. ओठांपर्यंत आलं आणि गिळलं.

नवा कोच तरुण आहे. गळ्यात शिट्टी, आणि दिवसभर "पुढे, पुढे!"

एक विचारू? त्या वहीचं पहिलं पान कोणी लिहिलं, तुला काही ठाऊक आहे का रे?

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

चार-एक! विंचू नव्वद मिनिटं खेळला, दोन गोल केले. दुकानात लोक नाचले, भूमितीच्या सरांनी पावडरचा डबा वाजवला. मलाही ओढलं मधे, मी नाचलो.

त्यानं सांगितलंय ना गं नव्या कोचला? डॉक्टरांनी आता परवानगी दिली असेल. नाही तर कोण खेळवेल?

वहीचं म्हणशील तर मला नक्की माहीत नाही. औषधवाल्याच्या भाच्याचं अक्षर असेल.

छोट्या


१२ मार्च

छोट्या,

नाही सांगितलं. दोन गोल झाले, लोकांनी खांद्यावर घेतला, मग कोणाच्या तोंडून निघतं? मीही नाही सांगितलं. नवा कोच मागच्या सोमवारी टॉवेल न्यायला आला होता, माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. "साठ मिनिटं," एवढेच दोन शब्द होते. मी म्हटलं, दुसऱ्याचं गुपित आपण कसं फोडायचं? एकदा तोंड उघडलं त्याचं काय झालं ते पाहिलंय. म्हणजे नको तिथं बोलले आणि हवं तिथं गप्प बसले.

काल एकाहत्तराव्या मिनिटाला तो माझ्या खिडकीसमोर पडला. कोणी ढकललं नाही, काही नाही. नुसता वळला आणि पडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला सामन्यात खेळाडूचं तोंड दिसलं. गाल गवतावर, डोळे उघडे, माझ्यापासून चार हातांवर. मी काचेला हात लावला. त्यानं मला पाहिलं की नाही माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, आता खेळणं संपलं.

हे वाटलं तर दुकानात वाच. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ताई


२० मार्च

ताई,

दुकानात वाचलं नाही. हे लिहायला चार दिवस लागले. चार कागद फाडले.

वही माझी होती. पहिलं पान मी लिहिलं. "कुलूप काढा" हे वर मोठ्या अक्षरात लिहिलं ते मीच, आणि पहिली सही माझी. मला वाटलं होतं दहावीस सह्या होतील. पण लोक दुसऱ्या गावांतून यायला लागले, सही करायच्या आधी माझा हात हातात घ्यायला लागले. नवीन दुकानाचा मालकसुद्धा आला सही करायला! मला आभाळ ठेंगणं झालं.

पण तुला सांगायचंय ते हे नाही. हे तर तू कधीतरी माफ करशील.

वही तुझ्या पत्राच्या आधी गेली असं मी लिहिलं, ते खोटं आहे. त्या गुरुवारी पोस्टमन आला, त्यानं तुझं पत्र मला दिलं आणि मी बांधून ठेवलेली वही त्यानं आपल्या पिशवीत टाकली. पिशवी आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि दाढीला बसला. मी त्याला फेस लावला, आणि आत जाऊन तुझं पान वाचलं. सगळं वाचलं. दोनदा वाचलं. बाहेर आलो तेव्हा तो तोंडभर फेस घेऊन डोळे मिटून बसला होता. पिशवी माझ्या कोपराला लागत होती. वही वरच होती, सुतळीचं टोक बाहेर आलेलं. नुसती उचलून खणात टाकायची होती. मागितली असती तरी त्यानं दिली असती.

दुकानात नऊ माणसं होती. मी वही काढली असती तर त्यांनी विचारलं असतं, का? आणि मला काही सांगता आलं नसतं. मी एकटा पडलो असतो. तेवढ्यासाठी, ताई.

मी त्याची दाढी केली. सगळी केली. गाल, हनुवटी, मिशीखालचं. तोंड पुसलं, तुरटी फिरवली. त्यानं पिशवी उचलली आणि गेला.

आता रोज कोणाच्याही गालाला फेस लावला की मला ते आठवतं. परवा वस्तरा सरकला आणि सरांच्या हनुवटीला कापलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. सरांनी स्वतःच तुरटी लावून घेतली.

तू मला काहीही बोल. पण बोल.

छोट्या


२ एप्रिल

छोट्या,

वही तुझी हे मला माहीत होतं. जानेवारीत ऑफिसात धुतलेले पडदे लावायला गेले, तर टेबलावर उघडी पडलेली. गेली बावीस वर्षं तुझी पत्रं वाचतेय, तुझं अक्षर मी झोपेतही ओळखेन. म्हणून विचारलं होतं तुला. वाटलं, सांगशील. नाही सांगितलंस तेव्हा, खरं सांगू का, बरं वाटलं मला. तुझ्यावर चिडून बसलं की माझं मला विसरता येत होतं. असली तुझी ताई.

दाढीचं वाचलं आणि पत्र पालथं घालून ठेवलं. संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. तुला काय बोलू? तुझी ती दाढी आणि माझी ती टॉवेलची घडी. एकाच आईची पोरं आपण.

रविवारी मी मास्तरांकडं गेले. मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, एकटेच. दार उघडलं तर मी ओळखलंच नाही. केस मानेवर आलेले. आत येऊन बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, "मास्तर, ते नाव माझं आहे. मी पत्रात लिहिलं होतं."

"माहीत आहे," म्हणाले. "बोळात तुम्हीच असायचात. दुसऱ्या कोणी पाहिलंच नव्हतं मला."

"कधीपासून माहीत आहे?"

"लोकांनी पहिल्यांदा हात ओढले त्या दिवशी. विचारायला आलो होतो ना."

मी आत येऊन बसले. म्हटलं, "मग त्याच दिवशी पट्ट्या माझ्याकडं का दिल्यात? मी तर बोलणारी बाई."

त्यांनी पाणी आणून दिलं. म्हणाले, "धुणाऱ्या तुम्हीच होतात. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही घडी मोडून परत घातलीत. म्हटलं, यांना लाज वाटतेय. लाज वाटणाऱ्याकडं द्यावं."

मी रडले. ते समोर बसून राहिले, गप्प बसा म्हणाले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. विंचू दर मंगळवारी येतो म्हणाले, काठी घेऊन, दोन जिने चढून. करार आहे म्हणून दोन वर्षं त्याचं घर चालेल. पाय मात्र गेला. "मी असतो तर साठच मिनिटं खेळवला असता," एवढं एकदाच म्हणाले आणि खिडकीकडं बघायला लागले. ते वाक्य मी पदरात बांधून आणलंय, अर्धं तुला देते.

निघताना मी विचारलं, केस का वाढवलेत? म्हणाले, "खुर्चीत बसलं की आरशात मागची माणसं दिसतात. हवेत हात ओढत असतात." चार महिने कुठल्याही दुकानात गेलेले नाहीत.

मी म्हटलं, माझा भाऊ केस कापतो. म्हणाले, बोलवा. कुठला भाऊ, काय भाऊ, ते मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांगायचंस. केसांना हात लावायच्या आधी सांग, मागून नको.

कात्री घेऊन ये.

ताई


१३ एप्रिल

ताई,

स्टेशनवरून लिहितोय. हे पत्र माझ्यामागून येईल, मीच आधी पोचेन. पण तोंडानं सगळं सांगायला जमेल असं वाटत नाही.

गुरुवारी लोक जमले. म्हणाले, ताईंचं पान? मी म्हटलं, आज माझं पान आहे. आणि तुला लिहिलेलं सगळं परत कागदावर उतरवून वाचलं, गुडघ्यासकट, दाढीसकट. पोस्टमन खुर्चीतच होता. तो उठला, मानेवरचा कपडा स्वतःच सोडला आणि पिशवी घेऊन गेला. औषधवाला म्हणाला, "आम्हाला कशाला सांगतोस? आम्ही सह्या चांगल्या मनानं केल्या." त्याच्या मागोमाग बाकीचे गेले. भूमितीचे सर तेवढे बसून राहिले. मग म्हणाले, "माझी सही कितवी होती रे?" मी म्हटलं, चारशे अकरावी. मान हलवली आणि तेही गेले. पुढच्या गुरुवारी कोणी येईल की नाही, माहीत नाही.

कात्री, कंगवा, पांढरा कपडा घेतलाय. आरसा घेतलेला नाही.

सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, नीट लागलंय का बघायला. समोरच्या पायरीवर आपली दोन गिऱ्हाइकं बसली होती. मला कुलूप ओढताना पाहिलं आणि हसत हसत हवेत हात ओढायला लागली. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि त्यांच्यासमोरच आणखी दोनदा ओढलं.

तुझा छोट्या